जुना डिझेल ट्रक सुरू होत नसेल तर: नव्या चालक-मालकांसाठी तपासणीचा क्रम

चाकणच्या बाजारात रात्री भरलेला कांदा पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचवायचा असतो आणि नेमक्या त्याच वेळी गाडी सेल्फ घेते, म्हणजे स्टार्टर मोटर इंजिन फिरवते, पण गाडी उचलत नाही. नव्या मालकाचा हात अशा वेळी आधी फोनकडे आणि मग पान्याकडे जातो. त्या दोन्हींच्या आधी पाच मिनिटे गाडीकडे नीट पाहिले आणि तिचा आवाज ऐकला, तर निम्मे निदान तिथेच होते, असा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत इतकी वर्षे काम करताना माझा अनुभव आहे. त्या पाच मिनिटांत काय पाहावे आणि त्यानंतर कोणत्या क्रमाने पुढे जावे, ते येथे सविस्तर सांगतो.

हे सारे यांत्रिक पंपाच्या, म्हणजे नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा पंप यांत्रिक असलेल्या, गाड्यांना लागू आहे. १९८६ साली बाजारात आलेली टाटा ४०७ आणि तिच्या पिढीतल्या गाड्या, तसेच इंजिनाच्या कडेला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, इन्लाइन पंप (प्रत्येक सिलेंडरसाठी एका रांगेत वेगळा प्लंजर असलेला) असलेले जुने सहाचाकी आणि दहाचाकी ट्रक यांत येतात. कॉमन रेल पद्धतीच्या (एका सामायिक नळीत डिझेल सतत उच्च दाबात ठेवणाऱ्या) नव्या गाड्यांवर यातील डिझेल लाइनचे प्रयोग कधीही करू नयेत, कारण त्यांच्या नळ्यांतला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि सैल केलेल्या नटातून निघालेली धार माणसाला गंभीर जखमी करू शकते.

इंजिनाला नेमके काय हवे असते

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन सिलेंडरमधली हवा दाबून तिचे आकारमान सोळा ते बावीस पटींनी कमी करतो, त्या दाबाने हवेचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते आणि अशा तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. यावरून तीन गरजा स्पष्ट होतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे (साधारणपणे मिनिटाला दीडशे ते दोनशे फेरे), डिझेल योग्य वेळी योग्य दाबाने नोझलपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि रिंग व व्हॉल्व्ह इतके घट्ट असले पाहिजेत की दाबलेली हवा गळून जाणार नाही. सुरू न होणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीचा दोष या तिन्हींपैकी कशात तरी असतो. तपासणीही याच क्रमाने करावी, कारण पहिल्या गरजेचे दोष सर्वात जास्त वेळा आढळतात व सर्वात स्वस्तात सुटतात, आणि तिसऱ्या गरजेचे दोष क्वचित निघतात पण खर्च मोठा करतात.

हा क्रम मी नुकसान सोसून शिकलो. उमेदवारीच्या काळात भोसरीच्या एका गॅरेजमध्ये एक गाडी आली, जी रोज सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावरच सुरू व्हायची. आम्ही धीर न धरता पंप उतरवला, कॅलिब्रेशनला पाठवला, नोझल बदलले, दोन दिवस गाडी उभी ठेवली आणि मालकाच्या हातात मोठे बिल दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा तशीच. तेव्हा शेजारच्या एका वयस्कर फिटरने फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे पाठवणाऱ्या छोट्या पंपाच्या) तोंडाशी हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली आणि हात पंप मारायला सांगितले. नळीतून बुडबुड्यांची माळच आली. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला क्लिपच्या खाली, सहज नजरेस न येणारी एक चीर गेली होती. ती नळी बदलायला पंधरा मिनिटे लागली. त्या मालकाचे वाया गेलेले दोन दिवस मला आजही डाचतात, आणि म्हणूनच पंपाला हात लावणे या लेखात सर्वात शेवटी येते.

पाना उचलण्यापूर्वी

गाडी सपाट जागी असावी, हॅण्डब्रेक लावलेला असावा, गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. हातातले कडे, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, कारण बॅटरीच्या टर्मिनलवर धातू टेकला तर तो क्षणात लाल होतो आणि बोट भाजते. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी, काडी किंवा उघडी ज्योत नसावी.

त्यानंतर ज्या गोष्टी पाहायला पाच पैसेही लागत नाहीत त्या पाहाव्यात. टाकीत डिझेल आहे का, हे काट्यावर विसंबून न राहता स्वच्छ काठी घालून पाहावे. जुन्या गाड्यांचे काटे खोटे बोलतात, आणि दिवे घाटासारख्या चढावर गाडी तिरपी उभी असेल तर टाकीत थोडे डिझेल असूनही ते सक्शन पाइपाच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र धुळीने बुजले असेल तर टाकीत निर्वात तयार होऊन डिझेल ओढले जात नाही. झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा सूं असा आवाज आला, तर दोष बहुधा सापडला असे समजावे.

यानंतर स्टॉपर पाहावा. नव्या माणसाच्या हातून सर्वात जास्त वेळा हाच सुटतो. जुनी गाडी बंद करण्यासाठी डॅशबोर्डवरची दांडी ओढली की केबल पंपावरचा लिव्हर खेचते आणि डिझेल तोडते. केबल गंजली किंवा तिच्यात चिखल गेला की दांडी आत ढकलली तरी पंपावरचा लिव्हर मागे येत नाही, आणि मग कितीही सेल्फ मारला तरी एक थेंब डिझेल पुढे जात नाही. बोनेट उघडून, एकाला दांडी ढकलायला लावून लिव्हर प्रत्यक्ष परत येतो की नाही ते डोळ्यांनी पाहावे. येत नसेल तर हाताने मागे ढकलून गाडी सुरू करून पाहावी आणि नंतर केबल बदलावी. काही गाड्यांत केबलच्या जागी विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. ज्या सोलेनॉइडला गाडी चालू राहण्यासाठी वीज लागते, तो चावी फिरवताच टक् असा आवाज करतो. आवाज आला नाही तर त्याची वायर आणि फ्यूज तपासावा.

सेल्फ काय सांगतो

आता चावी फिरवावी, पण त्याआधी हेडलाइट लावून एकाला समोर उभे करावे. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्याइतकी उपयोगी दुसरी मला ठाऊक नाही. सेल्फ मारताना दिवे पार मंदावले आणि इंजिन जेमतेम हलले किंवा नुसता कट् असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचा जोड खराब आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि काहीच आवाज आला नाही, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही. अशा वेळी चावीचा स्विच, रिले, सेल्फवरच्या सोलेनॉइडची बारीक वायर किंवा सेल्फमधले कार्बन ब्रश यांच्याकडे पाहावे. कटकटकट असा भराभर आवाज आला तर बॅटरीत सोलेनॉइड ओढण्यापुरता जोर आहे, इंजिन फिरवण्यापुरता नाही. सेल्फ घरघरत मोकळाच फिरला आणि इंजिन फिरलेच नाही, तर बेंडिक्स (सेल्फचे पुढे सरकणारे दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकत नाही, किंवा रिंगचे दात त्या जागी झिजले आहेत.

बॅटरीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. गाडी किमान काही तास बंद असताना १२ व्होल्टच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ च्या आसपास दाखवतो. १२.२ म्हणजे ती अर्ध्यावर आली आहे, आणि १२ च्या खाली गेली असेल तर थंड पहाटे डिझेल इंजिन फिरवण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये. यापेक्षा महत्त्वाचे मोजमाप सेल्फ मारत असतानाचे असते. त्या वेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर वरवर चांगली दिसणारी बॅटरीही आतून संपलेली असते. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तेथे प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे मोजावी, कारण दोघींपैकी एक मेली की दुसरी चांगली असूनही गाडी उचलत नाही, आणि अनेकदा दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळतो. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक खण तपासावा. आम्लाची घनता १.२६ ते १.२८ दिसली तर चांगले. एकच खण बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर ती बॅटरी चार्ज करून उपयोग होत नाही.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत असेल तर टर्मिनल उघडून पाहावेत. वरून घट्ट दिसणाऱ्या टर्मिनलच्या आत पांढरी-हिरवी बुरशी साठलेली असते आणि करंट तिथेच अडतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या खणांत जाऊ देऊ नये. मग टर्मिनल पॉलिश पेपरने घासून घट्ट करावेत आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. टर्मिनल काढताना आधी अर्थचा, म्हणजे निगेटिव्हचा काढावा व बसवताना तो शेवटी बसवावा, म्हणजे पाना चुकून चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

अर्थिंगकडे दुर्लक्ष होते, पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने चासी आणि इंजिन यांना जोडणारी जाड पट्टी नसेल तर सेल्फला परतीची वाटच मिळत नाही. इंजिनचे काम करून आलेल्या गाडीत ही पट्टी लावायची राहून गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. त्याची खूण अशी, की सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा स्टॉपरची केबल गरम लागते, कारण करंट इंजिनातून परतण्यासाठी तीच वाट धरतो. जाड जम्पर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावून सेल्फ मारावा. फरक पडला तर दोष सापडला.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्प द्यायचा असेल तर दोन्ही गाड्यांचे व्होल्टेज सारखे आहे याची आधी खात्री करावी. २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या गाडीला जम्प दिला तर दिवे, अल्टरनेटर आणि बॅटरी सारे एका झटक्यात जाऊ शकते. आधी उतरलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा मायनस, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनवर, बॅटरीपासून लांब, असा क्रम ठेवावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर आर्मेचर तापून जळतो आणि एका दोषाचे दोन होतात.

सेल्फ चांगला आहे, बॅटरी भरलेली आहे, तरीही इंजिन एका जागी अडकल्यासारखे थांबत असेल तर जबरदस्ती करू नये. सिलेंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढच्या पुलीवर पाना घालून हाताने फिरवून पाहावे. फिरत नसेल तर गाडी टो करून कारागिराकडे न्यावी.

सायलेन्सरकडे पाहा

इंजिन चांगल्या वेगाने फिरते पण पेटत नाही, अशा वेळी एकाला सेल्फ मारायला सांगून स्वतः सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. अजिबात धूर येत नसेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोहोचतच नाही, आणि पुढचा भाग त्याच्यासाठीच आहे. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. म्हणजे सेल्फचा वेग कमी, थंडी, कमी कम्प्रेशन, चुकलेले टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा डिझेलमध्ये पाणी यांपैकी काहीतरी आहे. काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे, आणि पुण्याच्या आसपासच्या खडी-क्रशरच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत एअर फिल्टर पीठ भरल्यासारखा बुजलेला असतो. फिल्टर काढून एकदाच सेल्फ मारून पाहावा. सुरू झाली तर फिल्टर बदलावा, पण फिल्टरशिवाय गाडी चालवू नये.

एअर काढणे

जुन्या गाड्यांत धूर न येण्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे गाडीने एअर घेतलेली असते. पंप डिझेल दाबण्यासाठी बनवलेला आहे. दाब दिला तरी डिझेल आक्रसत नाही, म्हणून ते नोझल उघडते. हवा मात्र आतल्या आत दबते आणि पुन्हा फुगते, त्यामुळे नोझल उघडत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली, डिझेल फिल्टर बदलला किंवा कुठे जोड ढिला झाला की हवा शिरते.

एअर काढण्यापूर्वी फिल्टर, फीड पंप आणि मुख्य पंपाचे सर्व जोड ब्रशने आणि थोड्या डिझेलने धुऊन घ्यावेत, कारण पंपातल्या एलिमेंटला, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या प्लंजर-बॅरलच्या जोडीला, वाळूचा एक कणही ओरखडा पाडतो. नंतर फीड पंपावरचा हॅण्ड प्रायमर, ज्याला आपल्याकडे हात पंप म्हणतात, त्याची मूठ डावीकडे फिरवून मोकळी करावी. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करावा आणि हात पंप मारत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेले डिझेल, आणि शेवटी स्वच्छ सलग धार. धार वाहत असतानाच, म्हणजे हात पंप दाबलेला असतानाच, स्क्रू घट्ट करावा; हात सोडल्यावर घट्ट केला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी आणि पंपाकडचा नंतर घ्यावा. मग मुख्य पंपाच्या अंगावरचा एअर स्क्रू याच रीतीने घ्यावा. हे झाल्यावर हात पंपाची मूठ पुन्हा पूर्ण आवळून बसवावी. हे विसरले तर त्याच मुठीतून पंप हवा ओढतो आणि केलेले सर्व काम वाया जाते.

एवढ्यावर बहुतेक गाड्या सुरू होतात. झाली नाही तर उच्च दाबाच्या नळ्यांची एअर काढावी लागते. चार सिलेंडरपैकी दोघांचे, नोझलकडच्या टोकाचे नट एक फेरा सैल करावेत, स्टॉपर चालू स्थितीत आहे याची खात्री करावी आणि एकाला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगावे. नटाखालून डिझेल ठोके देत बाहेर येऊ लागले की ते नट आवळावेत आणि उरलेल्या दोघांचे सैल करावेत. बहुधा त्याच वेळी इंजिन ठोके देऊ लागते. येथे एक गोष्ट जिवाची आहे. सैल नटाजवळ किंवा उघड्या नोझलपुढे बोट, तळवा, चेहरा काहीही आणू नये. जुन्या पंपाचा नोझलही सुमारे दोनशे बार दाबाने उघडतो, ती धार कातडी फोडून आत शिरते आणि बाहेरून टाचणीएवढी दिसणारी ती जखम आत बोट सडवते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जाऊन डिझेल दाबाने आत गेले आहे हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

हात पंप मारताना त्याचा हाताला लागणारा जोरही बोलतो. मूठ वर ओढताना जड जात असेल आणि स्वतःहून खाली खेचली जात असेल, तर टाकीपासून फीड पंपापर्यंत कुठेतरी अडथळा आहे: टाकीतल्या पाइपाची जाळी, पिचलेली नळी किंवा फीड पंपाच्या तोंडाची बारीक गाळणी. खाली दाबताना जड जात असेल तर पुढचा फिल्टर बुजला आहे. वर-खाली दोन्ही वेळा मोकळीच चालत असेल आणि डिझेल येतच नसेल, तर एकतर नळी हवा ओढते आहे किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह बसत नाहीत. टाकीकडचा दोष वेगळा काढण्यासाठी स्वच्छ कॅनमध्ये पाच लिटर डिझेल घ्यावे, फीड पंपाची टाकीकडची नळी सोडून तिच्या जागी वेगळी नळी थेट कॅनमध्ये सोडावी आणि गाडी सुरू करून पाहावी. सुरू झाली तर पंप निर्दोष आहे.

एअर रोज सकाळी येत असेल तर ती काढत बसण्यात अर्थ नाही, ती येते कुठून ते शोधावे. हे जोड डिझेल ओढले जाते त्या बाजूला असल्यामुळे तेथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते, आणि म्हणून कोरडा दिसणारा जोडही संशयित मानावा. रबरी नळ्या वाकवून चिरा पाहाव्यात, क्लिप आवळाव्यात आणि बॅन्जो बोल्टच्या (ज्यातून डिझेल जाते त्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर बदलावेत. एकदा दबलेला वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवे मिळेपर्यंत जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला तर तांबे मऊ होते आणि तेवढ्यापुरते काम भागते. नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांतून असे वायसर मापाने मिळतात. प्रत्येक मापाचे पाच-सहा गाडीच्या पेटीत ठेवावेत.

पावसाळ्यात फिल्टरच्या वाटीतले पाणी काढून टाकण्याची सवय लावून घ्यावी. डिझेलपेक्षा पाणी जड असल्याने ते तळाशी बसते, आणि अर्धी टाकी रिकामी ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीत दवाचे पाणी आतूनच साचते. वाटीखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घेतले की पाण्याचा थर वेगळा दिसतो.

डिझेल पोहोचते, तरीही उचलत नाही

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे किमान तापमान कधी कधी दहा अंशांच्याही खाली जाते, आणि तेव्हा चिंचवड-निगडीच्या मोकळ्या मैदानात उभ्या गाड्या सकाळी हट्ट धरतात. ज्या इंजिनांना हीटर प्लग आहेत त्यांची चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे. प्लग तपासण्यासाठी वायर सोडून टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे प्लगच्या टोकाला लावावे. लॅम्प पेटला तर प्लग जिवंत आहे. टाटाच्या ४९७ सारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात सहसा हे प्लग नसतात, तेथे सेल्फचा वेग आणि कम्प्रेशन यांवरच सारा भार असतो, म्हणून अशा गाड्यांत थंडीपूर्वी बॅटरी आणि ऑइल दोन्ही पाहून घ्यावे. पूर्वी भरलेले जाड झालेले ऑइल सेल्फचा वेग खूप खाली आणते.

उलट काही गाड्या सकाळी एका सेल्फला सुरू होतात आणि खंबाटकी घाट चढून चहाला थांबल्यावर गरम असताना उचलत नाहीत. येथे पंपाचे एलिमेंट झिजल्याचा संशय घ्यावा, कारण गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून मागे गळते. पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे थांबल्यावर गाडी सुरू झाली तर संशय पक्का होतो. तापलेल्या पंपावर थेट गार पाण्याची बादली ओतू नये, आतला प्लंजर जाम होतो. ही अशी एक वेळ आहे की पंप उतरवून पंपवाल्याकडे देणे योग्य ठरते.

कम्प्रेशनचा दोष अचानक येत नाही. गाडीची ताकद महिनोन्महिने कमी होत जाते, ऑइल लागते, आणि चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडले की आतून धुराचा झोत येतो. गेजने मोजल्यास चांगल्या इंजिनात साधारण २५ ते ३० बार दिसतात आणि सर्व सिलेंडर एकमेकांच्या जवळ असतात. एकच सिलेंडर खाली असेल तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासावा. टायमिंगचा संशय मात्र तेव्हाच घ्यावा, जेव्हा पंप नुकताच उतरवून बसवला असेल.

हे करू नये

एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे मारून गाडी सुरू करण्याची पद्धत दिसते. हीटर प्लग तापलेले असताना तो मारला तर मॅनिफोल्डमध्ये स्फोट होतो, आणि प्लग नसले तरी अवेळी पेटल्याने रिंग व पिस्टन फुटतात. मशालीसारख्या पेटत्या चिंध्या एअर फिल्टरच्या तोंडाशी धरण्याचा प्रकारही तितकाच घातक आहे.

धक्का मारून सुरू करायची वेळ आली तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, सपाट रस्त्यावर आणि समोर मोकळी जागा असतानाच करावी. इंजिन बंद असताना व्हॅक्यूम ब्रेकची मदत मिळत नाही आणि पॉवर स्टीअरिंग दगडासारखे होते. एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकमध्ये टाकीत हवा नसेल तर ब्रेक सुटतच नाहीत. तेथे धक्का मारण्याचा प्रयत्नच करू नये. उतारावर गाडी सोडून सुरू करणे मला कधीच मान्य नाही.

पंपाचे काम केल्यानंतर पहिल्यांदा सेल्फ मारताना एक सपाट, जाड लाकडी फळी एअर इन्टेकच्या तोंडाजवळ तयार ठेवावी. पंपाचा रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी) पूर्ण डिझेलच्या स्थितीत अडकला तर इंजिन बेफाम पळते आणि चावी किंवा स्टॉपर त्याला थांबवू शकत नाही. अशा वेळी हवा बंद करणे एवढाच उपाय उरतो. हाताने किंवा कापडाने तोंड झाकू नये, ते आत ओढले जाते.

सुरू झाल्यावर

इंजिन सुरू होताच रेस न करता ऑइल प्रेशर येते का ते पाहावे. मग बॅटरीवर मल्टिमीटर लावावा; १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४ आणि २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये २७.६ ते २८.८ दिसले पाहिजेत. यापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि संध्याकाळी हाच त्रास पुन्हा होईल. उघडलेला प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटांनी पुन्हा पाहावा. फिल्टर बदलला असेल तर त्यावर रंगाने तारीख व किलोमीटर लिहावेत.

गाडी बंद करून तासाभराने एकदा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभर उभी राहिल्यानंतर, पुन्हा एकदा सुरू करून पाहावी. हवा ओढणारा बारीक जोड गरम इंजिनात कळत नाही. रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरते आणि दोष सकाळच्या पहिल्या सेल्फलाच दिसतो. म्हणून त्या पहिल्या सेल्फला गाडीने उचलल्याशिवाय भाडे घेऊ नये.